बाई, एक विचारू?

वर्गात हात वर करून मुलं हेच म्हणायची, म्हणून सदराचं नाव तेच ठेवलं. या खेपेला पत्रं बहुतेक शिक्षकांचीच आहेत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी 33 वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढली आणि 31 मे 2019 ला निवृत्त झाले. मी वकील नाही. कायद्याची कलमं मला पाठ आहेत ती सहा वर्षं त्या खुर्चीत बसावं लागलं म्हणून. पत्रलेखकांची नावं-गावं काढून टाकली आहेत.

"सातवीतली एक मुलगी दोन आठवडे अगदी गप्प होती. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहायची. जवळ बसून विचारलं तर रडली आणि घरी राहायला आलेल्या एका नातेवाइकाबद्दल सांगितलं. 'कुणालाच सांगू नका बाई' असं वचन घेतलं. मी दिलं. मुख्याध्यापक सर म्हणतात, घरचा मामला आहे, शाळेचं नाव पेपरात येईल, पालकांना बोलावून समज देऊ. मी काय करू?" — एक शिक्षिका

हे पत्र अंकासाठी थांबवण्यासारखं नव्हतं. आलं त्याच दिवशी मी या ताईंना फोन केला. तेव्हा जे बोलले ते इतरांसाठी इथे लिहिते.

वचन मोडावं लागेल. पण गुपचूप नाही, तिला सांगून मोडा. "तू मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस. कुणाला सांगणार नाही असं मी म्हटलं, ते माझं चुकलं. तुला यातून बाहेर काढायचं तर मला एकटीला ते जमणार नाही, मदत लागेल," एवढं म्हणा. आणि यापुढे कुठलंही मूल "कुणाला सांगणार नाही ना?" म्हणालं, तर आधीच सांगा की जे सांगायलाच हवं ते मी सांगेन, पण तुला विचारल्याशिवाय वर्गात, स्टाफरूममध्ये बोलणार नाही.

आता कायदा. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाला आहे हे ज्याला कळलं, त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच आहे. ही मुभा नाही, बंधन आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. कळूनही न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा करणारा संस्थेचाच माणूस असेल आणि संस्थेच्या प्रमुखानं झाकलं, तर त्याला एक वर्षापर्यंत. तुमच्या सरांनाही आता कळलेलं आहे, म्हणजे तेही यात आले. त्यांना हे शांतपणे, जमलं तर लेखी सांगा. उलट सद्हेतूनं कळवणाऱ्यावर पुढे काही बालंट येऊ नये याची सोय कलम 19 मध्येच आहे.

पालकांना बोलावून समज द्यायची, हे आपल्याकडचं जुनं औषध आहे. समज नातेवाइकाला दिली जाते आणि मार मुलीला बसतो. तो माणूस अजून त्याच घरात आहे, ही गोष्ट तुमच्या सरांच्या लक्षात आलेली दिसत नाही. पहिला फोन घरी नको. पोलीस ठाण्याला करा, किंवा 1098 ला करा; तो मुलांच्या मदतीचाच क्रमांक आहे आणि पुढे काय करायचं ते तिथे सांगतात.

तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. तुम्ही विचारलं, मग सरांनी, मग पर्यवेक्षकांनी, मग संस्थेच्या अध्यक्षांनी, असं होता होता पोरगी चौथ्या वेळी "काही झालं नाही" म्हणते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तिनं जे शब्द वापरले तेच शब्द, तारीख-वेळ घालून कागदावर उतरवा. शब्द सुधारू नका. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, तेही वर्दीत नसताना. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे तिला आधी सांगितलंत तर निम्मी भीती कमी होते, कारण तिच्या डोळ्यांसमोर टीव्हीतलं पोलीस ठाणं असतं.

आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत येईल तेव्हा तिला दयेनं पहिल्या बाकावर आणून बसवू नका. तिची जागा जिथे आहे तिथेच असू दे. गृहपाठ केला नसेल तर इतरांना विचारता तसंच विचारा, आवाज तेवढा खाली ठेवा.

ताईंनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

"विनाअनुदानित शाळेत सहा वर्षं सहावीला शिकवतो. सही 18 हजारांवर होते, हातात 9 हजार पडतात. संध्याकाळी घरी 12 मुलांची शिकवणी घेतो, त्यातली 5 माझ्याच वर्गातली आहेत. वर्गातही मी तितकंच मन लावून शिकवतो, कुणी बोट दाखवू शकणार नाही. तरी विचारतो, मी चुकतोय का?" — एक शिक्षक

हो सर, चुकताय.

शिक्षण हक्क कायद्याचं, म्हणजे 2009 च्या कायद्याचं कलम 28 एका ओळीचं आहे: शिक्षकानं खाजगी शिकवणी करायची नाही. स्वतःच्या वर्गातली मुलं आणि परक्या वर्गातली असा फरक त्यात नाही, पगार किती याचाही नाही. म्हणजे बाराच्या बारा मुलं कायद्याबाहेर आहेत. पण मला खटकतात ती त्यातली पाच, आणि का ते सांगायला मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. (या सदरात माझेच गुन्हे जास्त निघतात, असं संपादक म्हणतात. 33 वर्षांत दुसऱ्यांचे बघायला वेळ कुठे होता!)

हा कायदा नव्हता तेव्हा, 1994 ते 97, मी घरी बीजगणित-भूमितीची शिकवणी घेत होते. सात मुलं, सगळी माझ्याच नववीतली. घराचे हप्ते होते. मीही स्वतःला हेच सांगायचे, की वर्गात मी काही हातचं राखत नाही. एका वर्षी त्यातल्या एका मुलाला कावीळ झाली, महिनाभर अंथरुणावर होता. महिनाअखेरीला त्याची आई आली, चहा घेतला आणि फीचे पैसे पुढे केले. मी म्हटलं, अहो, तो एक दिवसही आलेला नाही, कशाचे पैसे? तिनं नोटा बशीखाली सरकवल्या आणि उठता उठता म्हणाली, "राहू द्या बाई. घटक चाचणी जवळ आलीय ना."

तिनं मला लाच दिली नव्हती. ती मला वाईटही समजत नव्हती. पण ज्या बाई फी घेतात त्याच पेपर काढतात आणि त्याच तपासतात, एवढं गणित तिनं घातलं होतं, आणि फी द्यायची नाही असं म्हणण्याची सोय तिच्याजवळ नव्हती. तुमच्या त्या पाच मुलांच्या घरी ही सोय आहे का, एवढंच स्वतःला विचारा. तुम्ही मन लावून शिकवता यावर माझा विश्वास आहे. पण वर्गातली उरलेली मुलं काय बोलतात तेही कधी आडून ऐका. चाचणीत एखादं उदाहरण शिकवणीत घेतलेलं निघालं, तर ते योगायोगानं आलं असं सांगून चाळीस मुलांना पटेल का?

मी ती शिकवणी लगेच बंद केली नाही. पुढच्या जूनपर्यंत ओढली. हप्ते होते, म्हटलं ना.

म्हणून तुम्हाला "उद्याच बंद करा" म्हणताना मला माझ्या तोंडाकडे बघावं लागतं. तरी म्हणते: त्या पाच जणांच्या घरी या आठवड्यात स्वतः जा, घेतलेली आगाऊ फी परत करा, आणि मुलाला जे अडतंय ते मी शाळेतच घेईन असं सांगा. तसं घेणं तुमचं कामच आहे. मूल कुठे मागे आहे ते पाहून त्याला जादा शिकवावं, हे कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. बाकीच्या सात जणांचं वर्ष संपेपर्यंत दुसरा मार्ग शोधा. संध्याकाळी दुकानाचा हिशेब लिहिलात, टायपिंग केलंत, तरी नेमणुकीच्या आदेशात काय लिहिलंय ते आधी वाचून घ्या.

आता तुमच्या पत्रातली दुसरी ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. सही 18 वर आणि हातात 9. सर, नीतीचा प्रश्न विचारायला तुम्ही आलात, पण तुमच्या शाळेत तो प्रश्न आधी दुसऱ्याला विचारायला हवा. दर महिन्याला प्रत्यक्ष किती मिळाले ते तारखेसह एका वहीत लिहा. खात्यात पगार जमा होऊन रोख परत मागतात तर बँकेचा उतारा जपून ठेवा. बोललात म्हणून काढून टाकलं तर खाजगी शाळांसाठीच्या 1977 च्या सेवाशर्ती कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, मुदत 30 दिवसांची आहे. ती मुदत लोक नुसतं वाट बघण्यात घालवतात. संस्थाचालक "बघू, मार्ग काढू" म्हणतात आणि एकतिसावा दिवस उजाडतो.

"दहावीला मराठी शिकवते. तोंडी परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 पैकी 18 च्या खाली कुणालाच द्यायचे नाहीत असा तोंडी आदेश आहे. तीन मुलं अशी आहेत की त्यांना उतारा धड वाचता येत नाही. मी 9, 10 आणि 11 दिले तर 'मुलांच्या भविष्याशी खेळता' म्हणून माझ्यावर येणार." — एक शिक्षिका

आदेश तोंडी आहे ना, म्हणजे तो देणाऱ्यालाही तो काय आहे ते माहीत आहे.

या 20 गुणांचा जीव केवढा आहे हे महाराष्ट्रानं एकदा उघड्यावर पाहिलं. 2019 च्या दहावीला भाषांचे हे गुण काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षी 89.41 टक्के होता तो 77.10 वर आला. केवढी ओरड झाली! 2020 ला गुण परत आले आणि निकाल 95.30 टक्के लागला. मी निवृत्त झाले त्यानंतर आठवडाभरानं तो 77 टक्केवाला निकाल लागला होता. माझी शेवटची बॅच. संध्याकाळी तीन पालक घरी आले, मी गणिताची असूनही. मराठीत नापास कसा होईल हो, घरी मराठीच बोलतो की, असं एक जण म्हणत होते. मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, की काका, आधीच्या पोरांनाही असंच येत होतं, फक्त आम्ही वीस हातात ठेवून पाठवत होतो आणि त्यांना ऐंशीपैकी पंधरा मिळवायचे उरत होते.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला मीही हेच केलं आहे. एक मुलगा होता, हुशार हातांचा, वाचनाचा कंटाळा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्यानं ॲमीटर समांतर जोडणीत लावला. मी वेळेत बघितलं, तारा काढल्या, मीच एकसर जोडणीत लावून दिला, वाचन त्यानं घेतलं. 20 पैकी 19 लिहिले. पुढे तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनला गेला. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला, हसत हसत सांगत होता, पहिल्याच आठवड्यात मीटर जाळला बाई, सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, शाळेत शिकवलं नाही का रे? मग म्हणाला, "तुम्ही तर मला 19 दिले होते." त्याला मला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच कोड्यात पडला होता.

तेव्हा ताई, 9 आणि 11 द्यायच्या आधी एक करा. अजून वेळ आहे. त्या तिघांना रोज दहा मिनिटं घ्या, परिपाठानंतर, एका परिच्छेदाचं मोठ्यानं वाचन. दीड महिन्यात ते 18 चे होणार नाहीत, 12-13 चे होतील, आणि ते खरे असतील. परीक्षा खरोखर घ्या. प्रत्येकाला काय वाचायला दिलं, कशावर बोलायला सांगितलं, कुठे अडला, याची एक-एक ओळ नोंदवून ठेवा. मग जे गुण येतील ते लिहा आणि नोंद फाईलला लावा. वरून बदलायला सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "सर, तसं लेखी द्या, मी बदलते." माझ्या अनुभवात लेखी कुणी देत नाही. काही वेळा मात्र गुणपत्रकच दुसऱ्याच्या हातानं लिहिलं जातं, तेही मी पाहिलं आहे. तिथे तुमची सही मागितली तर करू नका.

सगळ्यांना 18 देण्यात अन्याय कुणावर होतो तेही बघा. तुमच्या वर्गात एखादी मुलगी असेल, पाठांतर न करता स्वतःच्या शब्दांत बोलणारी. तिलाही 18.

"शिक्षकदिनाला वर्गातल्या पालकांनी वर्गणी काढून चांदीचं नाणं आणि साडी दिली. परत केली तर उद्धट दिसेन?" — प्राथमिक शिक्षिका

परत करा. वर्गणी म्हटली की कुणीतरी यादी केलेली असते, आणि यादीत नाव नसलेल्या पालकाला रात्री झोप लागत नाही. एकाच चिठ्ठीत सगळ्यांना कळवा म्हणजे कुणा एकाचा अपमान होत नाही. पोरानं रानातून खिशात भरून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या का, असं विचारलं असतंत तर घ्या म्हटलं असतं. मी घेतल्या आहेत, आणि त्याच तासाला वर्गात फोडून संपवल्या आहेत. टरफलं त्यालाच झाडायला लावली नाहीत, एवढं बघितलं.

"माझी मुलगी दुसरीत आहे. तिच्या बाईंनी वर्गात व्हिडिओ काढला, ती पाढा म्हणताना 'सात साते सत्तेचाळीस' म्हणाली आणि वर्ग हसला. बाईंनी तो स्टेटसला ठेवला, मग रील केली. कॉलनीत सगळे तिला सत्तेचाळीस म्हणतात. बाई चांगल्या आहेत, जीव लावतात. तक्रार करू का?" — एक वडील

आधी भेटा. बाईंना जाऊन फक्त एवढंच सांगा, कॉलनीत तिला काय म्हणतात ते. जीव लावणाऱ्या असतील तर तुमच्यासमोर डिलीट करतील. नाही केलं, तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

शिक्षकांसाठी थोडं. मूल चुकतं ते वर्गात चुकतं. वर्ग ही चुकायची जागा आहे, आपणच तसं सांगत आलो. ती चूक चार भिंतींबाहेर न्यायला सात वर्षांचं मूल "हो" म्हणालं तरी ते हो नव्हे. बाईंना नाही म्हणता येतं हे त्याला ठाऊकच नसतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंसुद्धा 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती हवी असंच धरलं आहे. प्रवेशाच्या वेळी पालकांनी कुठल्या तरी छापील कागदावर सही केली होती, ही संमती मी तरी मानणार नाही.

मला हेही माहीत आहे की शिक्षकाच्या हातात मोबाइल आपण दिला. खिचडी शिजली, फोटो टाका. झाड लावलं, फोटो टाका. अधिकारी आले, फोटो. दिवसाला पाच फोटो वर पाठवणाऱ्या माणसाला सहावा आपला आपण काढताना काही वाटेनासं होतं. पण खिचडीचा फोटो टोपाचा काढता येतो, ताटावर वाकलेल्या पोराचं तोंड त्यात कशाला?

"गेल्या मंगळवारी आठवीच्या वर्गात एका मुलाच्या कानाखाली मारली. फळ्याकडे वळलो की मागून शिट्टी वाजवत होता. 14 वर्षांत पहिल्यांदा हात उचलला. त्यानं घरी सांगितलेलं नाही. सहकारी म्हणतात, विषय काढू नका, माफी मागितली तर पोरं डोक्यावर बसतील. मला झोप नाही." — एक शिक्षक

सर, नीतीचं नंतर बोलू. त्याचा कान आधी बघा. दुखतो का, आवाज येतो का, कमी ऐकू येतं का, विचारा. कानावर बसलेल्या चापटीनं पडद्याला इजा होऊ शकते आणि मुलं ते सांगत नाहीत. शंका असेल तर पालकांना बरोबर घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. म्हणजे पालकांना सांगणं आलंच. तुम्ही सांगा, त्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत आणि करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. हे तुम्हाला माहीत आहे. तुमचं पत्र वाचून वाटलं की कारवाईच्या भीतीनं तुमची झोप गेलेली नाही.

1991 सालची गोष्ट. नववी, पाचवा तास, जेवणानंतरचा. फळ्यावर मी विस्तारसूत्रं घेत होते. मागे वळले तर तिसऱ्या रांगेतला एक मुलगा तोंडावर हात ठेवून हसत होता, शेजाऱ्याला कोपर मारत होता. विचारलं, काय झालं? काही नाही बाई. पुन्हा वळले, पुन्हा खुसखुस. माझ्या हातात फळ्याची लाकडी पट्टी होती. दोन्ही हात पुढे करायला लावले आणि दोन-दोन मारल्या. वर्ग चिडीचूप झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तास संपल्यावर फळा पुसायला गेले आणि पाहिलं. ए अधिक बी, कंसाचा वर्ग, बरोबर ए वर्ग अधिक बी वर्ग. मधला दोन एबी गायब! गणिताच्या बाईंनी नववीच्या फळ्यावर, मोठ्या अक्षरात. तो हसत होता तो त्याला. साठातल्या एका पोराचं लक्ष फळ्यावर होतं आणि मी त्यालाच मारलं होतं.

मी फळा पुसला. कुणी बघितलं नाही ना, हे आधी पाहिलं.

दोन आठवड्यांनी त्याला व्हरांड्यात गाठून म्हटलं, त्या दिवशी माझं जरा चुकलं रे. तो म्हणाला, "काही नाही बाई." तेच शब्द. मी मोकळी झाले असं मला वाटलं. मग वर्षभरात एक गोष्ट लक्षात यायला लागली. आधी ही मुलं मला टोकायची: बाई, अधिक नाही, उणे आहे, बाई, छेद राहिला. त्या पाचव्या तासानंतर त्या वर्गानं माझी एकही चूक दाखवली नाही. मी चुका करायची थांबले नव्हते. एकदा मी मुद्दाम चूक करून फळ्यापाशी उभी राहिले, वाट बघत. साठ जणांनी ती मुकाट वहीत उतरवून घेतली. त्यानंही.

मारलं होतं सगळ्यांसमोर आणि माफी मागितली व्हरांड्यात. हिशेब तिथे चुकला होता, पण तो मला पुष्कळ वर्षांनी उमगला, तोवर ती मुलं पांगली होती.

म्हणून सहकाऱ्यांचं ऐकू नका. मुलं डोक्यावर बसतील म्हणणाऱ्यांनी किती वेळा माफी मागून पाहिली आहे, हे त्यांना विचारा. त्याच वर्गात, उपस्थिती घेतल्यावर, दोन वाक्यांत बोला: मंगळवारी मी याला मारलं, ते चुकलं, पुन्हा करणार नाही. त्याचं नाव घेऊन, त्याच्याकडे बघून. "पण तूही शिट्टी वाजवत होतास" हे तिसरं वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. भाषण नको. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, पण मुलांकडून "नाही सर, काही नाही सर" वदवून घेऊ नका. तुम्हाला बरं वाटायला लावणं हे त्यांचं काम नाही. लगेच पुस्तक उघडून शिकवायला लागा.

मुख्याध्यापकांना वर्गात जायच्या आधी सांगा, लेखी सांगितलंत तर उत्तम. त्यावर तुम्हाला ज्ञापन, म्हणजे खुलासा मागणारं पत्र, मिळू शकतं, मिळालं तर उत्तरात "अनवधानाने" हा शब्द लिहू नका. हात अनवधानानं उठत नाही.

शिट्टीचं राहिलं. ते बोलायचंच आहे, पण त्या दिवशी नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या, मग मधल्या सुट्टीत त्याला वाचनालयात किंवा मैदानाच्या कडेला बसवून विचारा, की फळ्याकडे वळल्यावर मागच्या बाकावरून नक्की काय दिसतं. आठवीतला मुलगा तास कंटाळवाणा झाला की शिट्टी वाजवतो, किंवा शेजाऱ्यानं पैज लावली म्हणून, किंवा त्याला फळ्यावरचं दिसतच नाही म्हणून. शेवटचं कारण निघालं तर नेत्र तपासणीला पाठवायचं आहे.